विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलचा वास का येतो? गळती नेमकी शोधायची कुठे?

‘जुनी गाडी म्हटली की पेट्रोलचा वास यायचाच,’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडून इतक्या वेळा ऐकायला मिळते की ते खरेच वाटू लागते. ते खरे नाही. वास येतो याचा अर्थ एवढाच की पेट्रोल किंवा त्याची वाफ जिथे असायला हवी तिथे नाही. गाडी १९६५ची असो की १९८५ची, हा नियम बदलत नाही. तरीही डॅटसन २४० झेड, एमजीबी, पोर्श ९१४ यांसारख्या गाड्यांच्या जीर्णोद्धारावर लाखो रुपये खर्च होतात, रंग आरशासारखा चमकतो, सीटवर नवे चामडे चढते आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी मात्र जुनीच राहते. तिची किंमत काही शे रुपये असते. प्रदर्शनात ती कुणाला दिसत नाही, हे तिचे दुर्दैव. आता भारतातील पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यानंतर या दुर्लक्षाची किंमत वाढली आहे.

हा वास गंभीरपणे का घ्यायचा?

पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, दिवसा वा रात्री, उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ असतेच. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झाले की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर निघून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. गॅरेजमधला पिट आणि इमारतीचे तळघरातील पार्किंग या तिच्या आवडत्या जागा. ठिणगी गाडीतूनच यायला हवी असेही नाही. भिंतीवरचा दिव्याचा खटका किंवा पाणी चढवणाऱ्या पंपाची मोटारही ते काम करते.

दुसरा भाग शरीराचा. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते आणि ते कर्करोगकारक म्हणून मान्य झालेले रसायन आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा एक टक्का आहे, पण दोन माणसांच्या छोट्या बंद केबिनमध्ये तासभर ते हुंगत बसणे हा काही छंदाचा भाग असू नये. आणि वास कच्च्या पेट्रोलचा नसून सायलेन्सरच्या धुराचा असेल, तर त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. लांबच्या ड्राइव्हनंतर डोके जड होणे, मळमळणे याचा दोष आपण उन्हाला देतो. अनेकदा तो मागच्या दाराच्या रबराचा असतो.

नाक हे चांगले यंत्र आहे, पण ते लवकर थकते. दहा मिनिटांत मालकाला वास येईनासा होतो. म्हणून ‘आता वास कमी झाला’ या मालकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. नुकताच बाहेरून आलेल्या माणसाला गाडीत बसवावे आणि त्याला विचारावे.

वास केव्हा येतो, यावरून काय कळते?

गळती शोधताना पहिली चूक होते ती बॉनेट उघडण्याची. आधी वही उघडायला हवी. वास कुठे येतो यापेक्षा तो कधी येतो, याची आठवडाभर नोंद ठेवली तर निम्मे काम बसल्या जागी होते.

टाकी काठोकाठ भरल्यावर किंवा वळणावर गाडी झुकल्यावर वास येत असेल आणि टाकी अर्धी झाल्यावर तो थांबत असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात आहे. तोंडापासून टाकीत जाणारी जाड रबरी नळी, वाफेच्या बारीक नळ्या, टाकीचे झाकण, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या युनिटचे गॅस्केट. पेट्रोल तिथपर्यंत फक्त टाकी भरलेली असताना पोहोचते.

गाडी पळवून बंद केल्यावर, पाच-दहा मिनिटांनी वास सुटत असेल, तर कार्ब्युरेटर. इंजिन बंद होताच पंखा आणि वारा थांबतो, इंजिनाची उष्णता वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल अक्षरशः उकळू लागते. थोडा वास इथे समजण्यासारखा आहे, थेंब मात्र नाहीत.

सकाळी थंड गाडी सुरू करताना वास येतो, इंजिन तापले की जातो? हा प्रकार सर्वाधिक फसवा. इंजेक्शनच्या गाड्यांत कडक झालेल्या नळ्या आणि ओ-रिंग थंडीत आकसतात, जोड सुटतो, दाबाखालचे पेट्रोल झिरपते. इंजिन तापले की रबर फुगून जोड पुन्हा बसतो. मेकॅनिककडे गाडी नेईपर्यंत ती तापलेली असते आणि मेकॅनिक सांगतो, ‘काही नाही साहेब, सगळे कोरडे आहे.’ तो खोटे बोलत नसतो. गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवायची आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना त्याने हजर राहायचे, हा यावरचा उपाय.

इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहिल्यावर ऑइल वाढलेले दिसत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी सुरूच करू नये. इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. गळणारा इंजेक्टर किंवा ओसंडणारा कार्ब्युरेटरही हेच करू शकतो. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करत नाही, म्हणजे आगीचा धोका आहेच आणि इंजिनही जाते.

आणि गाडी चालू असतानाच, विशेषतः खिडकी उघडल्यावर वास वाढत असेल, तर पेट्रोलची नळी तपासण्यात वेळ घालवू नका. तो धूर आहे. त्याची गोष्ट वेगळी.

२४० झेडच्या मागच्या भागात काय दडले आहे?

१९६९च्या अखेरीस आलेली आणि अमेरिकेत अवघ्या ३,५२६ डॉलरना विकली गेलेली ही जपानी गाडी आज संग्राहकांची लाडकी आहे. तिच्या मालकांची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे केबिनमधला वास. त्याची कारणे दोन आणि ती एकमेकांत मिसळतात, म्हणूनच अनेक जण वर्षानुवर्षे चुकीच्या जागी शोधत राहतात.

पहिले कारण पेट्रोलच्या वाफेचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टाकीतली वाफ हवेत सोडण्यावर बंधने आली. कॅलिफोर्नियात १९७०च्या मॉडेलपासून, देशभर १९७१पासून. तोवर टाकीच्या झाकणाला भोक असे आणि वाफ बाहेर जाई. आता ती बंद मार्गाने इंजिनाकडे न्यावी लागली. २४० झेडमध्ये त्यासाठी एक छोटी वाफटाकी बसवली गेली, ती उजव्या बाजूला मागे, केबिनच्या आतल्या प्लॅस्टिक पॅनेलच्या आड. मुख्य टाकी आणि तोंडाच्या नळीपासून अनेक रबरी नळ्या तिच्याकडे येतात. म्हणजे पेट्रोलच्या वाफेचे जोड चक्क प्रवाशांच्या डोक्यामागे, गाडीच्या आत आहेत. ५० वर्षांनंतर त्या नळ्यांना हाताने वाकवले तर पापडासारख्या मोडतात. पॅनेल काढल्याशिवाय त्या दिसत नाहीत आणि पॅनेलही तितकेच जुने, ठिसूळ असल्याने ते काढायला कुणी धजावत नाही. इथे धीर धरावा, पॅनेल उन्हात थोडे कोमट झाल्यावर काढावे आणि सगळ्या नळ्या एकदमच बदलाव्यात. एक फुटलेली सापडली म्हणून फक्त तीच बदलणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पॅनेल काढण्याची तयारी.

दुसरे कारण हवेचे. मागे उतरती काच आणि उघडणारे दार असलेली गाडी वेगात असली की तिच्या पाठीमागे हवेचा कमी दाबाचा भोवरा तयार होतो. सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यात घुटमळतो आणि मागच्या दाराच्या रबरातून, मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून, वायरिंगच्या भोकांतून आत खेचला जातो. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मागच्या दारावरच हवेच्या जाळ्या होत्या, नंतर त्या बाजूच्या खांबांवर गेल्या. चालक गुदमरून खिडकी उघडतो, त्यामुळे केबिनमधला दाब आणखी कमी होतो आणि धूर अधिक जोराने आत येतो.

हे ओळखण्याची चाचणी जवळपास फुकटची आहे. मागच्या दाराच्या चारही बाजूंच्या फटी रंगकामाच्या कागदी टेपने बाहेरून बंद करा आणि चक्कर मारून या. वास गेला तर दोष रबराचा. अर्धाच गेला तर दिव्यांच्या गॅस्केटवरही टेप लावून पुन्हा चक्कर. रात्री अंधारात एकाने मागच्या भागात आतून टॉर्च फिरवायचा आणि दुसऱ्याने बाहेरून पाहायचे, हीही चांगली पद्धत. जिथून उजेड बाहेर येतो तिथून धूर आत येतो.

कार्ब्युरेटरखाली तापलेला एक्झॉस्ट असेल तर?

२४० झेड आणि एमजीबी या दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, एक वर आणि दुसरा खाली. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असतो. तो काढून टाकलेल्या गाड्या पाहिल्या की अंगावर काटा येतो, कारण कार्ब्युरेटर ओसंडला तर पेट्रोल कुठे पडेल हे सांगायला नको.

तो ओसंडतो का? वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला आले की तरंगणारा फ्लोट एक सुई वर ढकलतो आणि प्रवाह बंद होतो. पितळी फ्लोटला सुईच्या टोकाएवढे भोक पडले की तो बुडतो. सुईखाली गंजाचा कण अडकला की झडप बंद होत नाही. तिसरे कारण मात्र मालकाने पैसे देऊन विकत घेतलेले असते. एमजीबीच्या एसयू कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय दाब पुरतो. जुना पंप गेला म्हणून बाजारात मिळेल तो पाच-सात पीएसआयचा विद्युत पंप लावला की तो सुई ढकलून पेट्रोल आत घुसवतो. मग कार्ब्युरेटर दोनदा उघडला जातो, गॅस्केट बदलली जातात, पंपाचा दाब मोजायचे कुणाला सुचत नाही.

१९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनलेल्या एमजीबीमध्ये निदानाची एक सोय आहे. तिचा मूळ एसयू पंप टिकटिक वाजतो. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका आणि कान द्या. वाट्या भरल्या की टिकटिक थांबायला हवी. ती थांबत नसेल तर पेट्रोल कुठेतरी जाते आहे, किंवा पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. याच गाडीची टाकी डिकीच्या पत्र्याखाली लटकते आणि दोन्हींच्या मधल्या फटीत माती व ओल साचून टाकी वरून गंजते. खाली झोपून पाहिले तर टाकी ठणठणीत दिसते. टाकी भरली की वास येतो.

पोर्श ९१४चा धडा कोणता?

१९६९ ते १९७६ या काळातील या गाडीत इंजिन सीटच्या लगेच मागे आहे, टाकी पुढे. पेट्रोल पुढून मागे जाते ते गाडीच्या मधल्या बोगद्यातील प्लॅस्टिकच्या नळ्यांतून. या नळ्या काळाने ठिसूळ होतात, इंजिनाजवळच्या टोकाला हात लागला तरी तुटतात. आणि ही गाडी बहुतांशी कार्ब्युरेटरची नव्हे, डी-जेट्रॉनिक वा एल-जेट्रॉनिक इंजेक्शनची. त्यात दाब सुमारे दोन बार म्हणजे २८-३० पीएसआय वा त्याहून थोडा अधिक. कार्ब्युरेटरच्या गाडीत जिथे थेंब पडतो तिथे या गाडीत फवारा उडतो. सुरुवातीच्या मॉडेलांत पंपही गरम इंजिनाच्या कप्प्यात, बॅटरीच्या खालच्या बाजूला होता. १९७५मध्ये तो पुढे टाकीजवळ नेण्यात आला. बॅटरीतून ओघळणाऱ्या आम्लाने त्या कोपऱ्याचा पत्रा इतका खाल्ला जातो की इंग्रजी भाषक मालकांनी त्याला थेट ‘नरकाचे बीळ’ म्हटले आहे.

हवेने थंड होणाऱ्या या इंजिनांत हीटरही वेगळा. इंजिनाच्या बाजूची हवा एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून तापवून केबिनमध्ये सोडली जाते. त्यामुळे इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोल वा ऑइल झिरपले, किंवा एक्झॉस्टला चीर गेली, की हीटर ते इमानदारीने प्रवाशांपर्यंत पोहोचवतो. हीटर लावल्यावरच वास येतो, ही तक्रार ९११च्या जुन्या मालकांकडूनही म्हणूनच ऐकू येते.

इथेनॉलमुळे काय बदलले?

भारतात ई२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली आणि २० टक्के मिश्रणाचे आधी २०३०साठी ठरलेले लक्ष्य २०२५वर आणले गेले. धोरणाच्या गुणदोषांची चर्चा वेगळी. पण १९७०च्या गाडीतील रबर या इंधनासाठी बनलेले नाही, यात मतभेद नाहीत. इथेनॉलने जुने रबर आधी फुगते, मग कडक होते, मग त्याला आतून चिरा जातात. बाहेरून नळी काळीभोर, सुस्थितीत दिसते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत, त्यातही मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, टाकी आतून गंजण्याचे हे कारण. शिवाय ते टाकीतला जुना थर सोडवते, तो वाहत कार्ब्युरेटरच्या सुईखाली अडकतो आणि वाटी ओसंडते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१मध्ये १० टक्के इथेनॉल आले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महागडे पेट्रोल चालू ठेवले गेले. आपल्याकडे बहुतेक पंपांवर असा पर्याय नाही. तो द्यायला हवा होता. निदान इंधनाच्या पावतीवर इथेनॉलचे प्रमाण छापणे तरी अवघड नाही.

मालकाच्या हातात उरते ते नळीची निवड. नळीवर छापलेले वाचा. एसएई ३०आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबाची, ३०आर९ ही इंजेक्शनच्या दाबाची आणि आतून फ्लुओरो-रबराचा थर असल्याने इथेनॉलला टिकणारी. कमी दाबाच्या गाडीलाही आर९ लावायला हरकत नाही, उलटे मात्र कधीही नको. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी ३०आर१० लागते, साधी नळी तिथे बाहेरून विरघळते. काहीच न छापलेली, मीटरवर कापून मिळणारी नळी घेऊ नये. दुकानदार कितीही ‘ओरिजिनल’ म्हणो. क्लिपही गुळगुळीत पट्टीची हवी. खाचांची स्क्रू क्लिप नव्या नळीत दात रुतवते.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा?

गाडी उघड्यावर, थंड. बॅटरीची ऋण वायर काढलेली, पण ती वाफ निघून गेल्यावर, कारण वायर काढतानाही ठिणगी उडते. हाताशी एबीसी पावडरचा अग्निशामक. उजेडासाठी एलईडी टॉर्च. वायरला लटकणारा साधा बल्ब गाडीखाली नेऊ नये, त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की काच फुटते आणि आतली तार लाल असते. लायटरने तपासणारे बहाद्दर अजून आहेत म्हणून तेही लिहून ठेवलेले बरे.

पेट्रोल उडून जाते, त्यामुळे डबके शोधू नका. डाग शोधा. ऑइलची गळती धूळ धरून ठेवते, पेट्रोलची गळती धूळ धुऊन काढते. मळकट इंजिनावर एखादी स्वच्छ रेघ दिसली, तिच्या कडेला पिवळट-तपकिरी वार्निशसारखा थर असला, की वरच्या टोकाला जोड सापडतो. प्रत्येक जोडाला वेगळा पांढरा टिश्यू पेपर पुसायचा आणि बाजूला जाऊन हुंगायचा. हे हास्यास्पद वाटते, पण महागड्या यंत्रांच्या आधी हेच कामाला येते. इंजेक्शनच्या गाडीत दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरची बारीक व्हॅक्यूम नळी काढून पाहा. ती आतून ओली असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे.

एवढ्याने सापडले नाही तर चांगल्या गॅरेजमध्ये धुराचे यंत्र असते. टाकी आणि वाफेच्या नळ्यांत एक पीएसआयपेक्षाही कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहतात. पेट्रोलच्या टाकीसाठी या यंत्राला हवेऐवजी नायट्रोजन जोडलेला हवा. तसे आहे का, हे विचारायला संकोचू नये. ज्वलनशील वायू हुंगणारे छोटे उपकरणही मिळते, ते पॅनेलच्या आडची जागा बरोबर दाखवते. टाकीच गळकी निघाली तर रस्त्यावरच्या वेल्डरकडे ती नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत पेट्रोल नसते, वाफ आणि हवा असते.

दुरुस्तीनंतर लगेच पॅनेल लावून मोकळे होण्याचा मोह होतो. थांबावे. टाकी काठोकाठ भरून गाडी दोन-चार वळणांवरून फिरवावी, तापवून बंद करावी, दहा मिनिटांनी बॉनेट उघडून पाहावे आणि रात्रभर दार-खिडक्या बंद ठेवून उभी करावी. सकाळी, चहाच्याही आधी, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दार उघडून आत डोके घालायला सांगावे. त्या व्यक्तीला फक्त जुन्या सीटचा वास आला, तर पॅनेलचे स्क्रू लावायला हरकत नाही.